प्लेगची लस आणि लोकविश्वास : मुंबई ते मुलकोवाल (१८९६-१९०७)

प्रस्तावना

शोध यशस्वी झाला की समाजाचा विज्ञानावर आपोआप विश्वास बसतो, असे सामान्यतः मानले जाते. प्लेगप्रतिबंधक लशीचा इतिहास या समजुतीला छेद देतो. लोकविश्वासासाठी लशीच्या गुणाइतकेच तिच्यामागील यंत्रणेचे खुलेपण आणि उत्तरदायित्वही आवश्यक असते, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

लस आणि कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लोकांपुढे ठेवता येईल असा हा पुरावा होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने आज्ञाभंगास शिक्षा ठरविली आणि सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. नियमन होते ते जनतेचे. जनतेला कारणे सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते. पुण्यातील घरझडत्यांमुळे पसरलेला असंतोष व २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. लस ऐच्छिक असली तरी सक्तीच्या उपायांविषयीचा संशय तिलाही चिकटला.

मुलकोवालची दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. लस तयार करताना कार्बोलिक आम्ल वगळण्याचा बदल प्रयोगशाळेत झाला होता. म्हणून दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व त्याचे पुरेसे निर्जंतुकीकरण झाले नव्हते, ही माहिती चौकशीत नोंदली गेली होती. परंतु कागदपत्रे दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्याने त्या निष्कर्षाची स्वतंत्र छाननी होऊ शकली नाही. ती प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस व अन्य जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. मात्र मुंबईचे पद त्यांना परत मिळाले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

समारोप

या प्रकरणातील गुप्ततेने दुहेरी हानी केली. निर्दोष शास्त्रज्ञ पाच वर्षे कलंकित राहिला आणि १९ कुटुंबांना मृत्यूचे कारण वेळीच व स्पष्टपणे कळण्याचा मार्ग बंद झाला. औषधांच्या गुणवत्तेवर नियंत्रण ठेवणारा देशव्यापी कायदा तर १९४० मध्ये आला. चूक घडणारच नाही, अशी हमी विज्ञान देऊ शकत नाही. घडलेली चूक कोणालाही तपासता येईल, अशी व्यवस्था मात्र समाज उभारू शकतो. लोकविश्वासाचा खरा पाया तोच होय.