रोज तपासलेली वही

बेरजेत हातचा विसरण्याची सवय पहिल्याच दिवशी वहीत दिसली, तर ती पाच मिनिटांत सुधारता येते. तीच सहामाही परीक्षेत दिसली, तर नेमके काय बिघडले हे शोधण्यातच शिक्षकाचा वेळ जातो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हीच गोष्ट अंगी बाणवायला काही दशके लागली. ती कशी, हे आपण पाहू.

माणूस त्याला समजेल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. ‘कंपायलर’ त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि मग असे अनेक तुकडे जोडून पूर्ण प्रोग्रॅम तयार होतो. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी एक चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. गंमत अशी की, ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती! दुरुस्त फाईल पुन्हा कंपाईल करायची मात्र राहिली होती, त्यामुळे जुनाच तुकडा जोडला जात होता. वैतागून ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत गेले. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी असाच मनस्ताप झाला होता. त्यांनी त्या शनिवार-रविवारी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहून काढला. कोणता तुकडा कोणत्या फाईलवर अवलंबून आहे, याची यादी मेकला द्यायची. मूळ फाईलची वेळ तयार तुकड्याच्या वेळेनंतरची असेल, तर मेक तो तुकडा नव्याने बनवतो. आम्ही प्रयोगशाळेत आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा आजही मेक वापरतो.

मेकमुळे विसराळूपणावर उपाय सापडला, पण अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे काय? प्रत्येकाने महिनोन्‌महिने आपला भाग स्वतंत्र लिहायचा आणि शेवटी सगळे एकत्र जोडायचे, अशी रीत सर्रास होती. जोडताना चुकांचा ढीग निघे आणि कोणती चूक कोणाच्या कोणत्या बदलामुळे झाली, हे कळत नसे. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पाची धुरा १९९६ मध्ये केंट बेक यांच्याकडे आली. तेथे वेगळा नियम रुजला: थोडे लिहा, लगेच मुख्य प्रोग्रॅममध्ये मिसळा, सर्व चाचण्या चालवा, एकही चाचणी फसली तर आधी ती दुरुस्त करा. तो प्रकल्प २००० साली बंद झाला, पण ही पद्धत टिकली. तिला ‘सतत एकत्रीकरण’ म्हणता येईल.

हे तपासणीचे काम यंत्राकडे सोपवणारा ‘क्रूझ कंट्रोल’ २००१ मध्ये आला. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये ‘हडसन’ लिहायला घेतला. २०११ पासून तो ‘जेन्किन्स’ या नावाने ओळखला जातो. कोणी बदल केला की यंत्र प्रोग्रॅम बांधते, चाचण्या घेते आणि निकाल कळवते. तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंतची पुढची वाटही अशीच यंत्राकडे द्यावी, हा विचार जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांनी २०१० मध्ये पुस्तकरूपाने मांडला.

त्याची गरज दोनच वर्षांत दिसली. अमेरिकेच्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने आपला नवा प्रोग्रॅम आठ संगणकांवर हाताने चढवला. प्रत्यक्षात तो सातांवरच चढला. आठव्यावर जुना, वापरात नसलेला भाग तसाच राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच तो जागा झाला आणि भराभर नको ती खरेदी-विक्री करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

पुढे झालेल्या सरकारी चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. पण ते धोक्याची सूचना म्हणून योजलेले नव्हते आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

यंत्र न कंटाळता, दिवसातून शंभरदा वही तपासते. पण काय तपासायचे हे माणसानेच ठरवावे लागते आणि लाल शेरा दिसल्यावर हातातले काम थांबवून आधी चूक सुधारावी लागते. बेक यांच्या चमूचा नियमही हाच होता.