पंचांगाची नवी आवृत्ती

परवा सकाळी मोबाइल उघडून पाहतो तो त्यातली दिनदर्शिका रात्रीतून बदललेली! आठवडा रविवारऐवजी सोमवारपासून सुरू झालेला आणि सणांची नावे एका कोपऱ्यात गेलेली. दोन दिवस आम्ही कुरकुरलो. चौथ्या दिवशी जुनी मांडणी कशी होती तेही आठवेना. तेथे बदलली होती ती केवळ मांडणी. पण कालगणनेचे गणितच बदलायची वेळ आली म्हणजे समाज काय करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने हा अनुभव दीडशे वर्षे घेतलेला आहे.

आपल्याकडची जुनी पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे इ. स. 1520 मध्ये तो रचला. भुजज्येच्या किचकट गणितावाचून ग्रह काढता यावेत, ही त्यातली मोठी सोय. त्यामुळे गावोगावच्या जोशीबुवांनी तो उचलून धरला. परंतु गणितातली बारीकशी चूकही तीनशे वर्षांत साचत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची गाठ पडेनाशी झाली.

हे अंतर मिटवण्यासाठी प्रा. केरो लक्ष्मण छत्रे पुढे आले. युरोपीय ज्योतिषाच्या आधारे त्यांनी नवी कोष्टके केली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने 1865 पासून नवे पंचांग छापले. तेच पटवर्धनी पंचांग. गणित चोख होते, पण गिऱ्हाईक थोडे! लोकांचे म्हणणे साधे होते: आमचे वाडवडील ज्या तिथीला श्राद्ध करीत आले, ती तिथी चुकीची कशी? या प्रश्नाला कोष्टकांत उत्तर नव्हते.

पुढे सुधारकांतच दोन पक्ष पडले. राशिचक्राचा आरंभ आकाशात कोठे धरावा, हा तो वाद. छत्रे यांनी रेवतीतील एक तारा आरंभाशी मानला. लोकमान्य टिळकांचे वजन याच बाजूला पडले, आणि त्यांच्या नावाचे पंचांग याच मताचे. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ धरला. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचे. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो. म्हणून एका पंचांगात मकरसंक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला, तर दुसऱ्यात 10 जानेवारीच्या सुमारास.

चार दिवसांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. संक्रांत चार दिवस हलली की अधिक मास कधी कधी भलत्याच महिन्यात जातो, आणि सण एकदम महिन्याने सरकतो. 2023 साली बहुतेकांचे गणपती 19 सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग मानणाऱ्या घरी ते ऑगस्टातच बसून उठलेही होते. एका भावाकडे मोदक झाले, दुसऱ्याकडे अजून महिना अवकाश! यात आकाशाचा अपराध काहीच नाही. दोन्हीकडचे गणितही आपापल्या जागी बिनचूक आहे. मोडला तो एकत्र सण करण्याचा करार.

स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ देशभर दिसू लागला. देशात सुमारे तीस कालगणना चालू होत्या. म्हणून 1952 मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर ही आपली माणसे होती. 1955 मध्ये अहवाल निघाला. पंचांगांसाठी समितीने चित्रापक्ष स्वीकारला आणि मुलकी व्यवहारासाठी एक नवी दिनदर्शिका सुचवली. ती 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र 1879 या दिवशी सुरू झाली. साहा तो दिवस पाहू शकले नाहीत. ते 1956 मध्येच वारले.

ही राष्ट्रीय दिनदर्शिका फार सुबक आहे. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने 31 दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन 30 दिवसांचे. चैत्र एरवी 30 चा आणि लीप वर्षी 31 चा. अधिक मास नाही, क्षयतिथी नाही. सरकारी राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. तरीही या सभागृहात कोणाला आजची राष्ट्रीय तारीख विचारली, तर किती हात वर होतील?

याचे कारण लोकांचा अडाणीपणा खास नव्हे. पगार, घरभाडे आणि शाळा इंग्रजी तारखेवर चालत होत्या. एकादशी, श्राद्ध आणि लग्न तिथीवर. नव्या तारखेसाठी घरात रिकामा खुंटीच नव्हती! उलट 1973 मध्ये जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले, तेव्हा त्यांनी कोणालाच काही सोडायला सांगितले नाही. इंग्रजी तारखेच्या चौकोनातच तिथी आणि सण मांडून दिले. दोन्ही हिशेब एका भिंतीवर आले, आणि लोकांनी ती भिंत आपली मानली.

तात्पर्य, कालगणना ही गणिताने शुद्ध होते, पण चालते ती परस्परांच्या संमतीने. छत्रे, केतकर, साहा यांच्यावाचून आपण आकाशापासून दूरच राहिलो असतो. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र नवी आवृत्ती काढणाऱ्याने, मग तो ज्योतिषी असो की यंत्रातील दिनदर्शिका घडवणारा, एवढे ध्यानात ठेवावे की माणूस दिनदर्शिका पाहतो तो वेळ मोजण्यासाठी थोडी, आणि दुसऱ्याला ठरल्या वेळी भेटण्यासाठी अधिक. ती भेट चुकवणारी सुधारणा कितीही बरोबर असली, तरी लोकांच्या घरी तिला पाट मांडला जात नाही.