गप्पी पाळताय? मासे आणायची घाई करू नका!

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पालिका विहिरीत, हौदात सोडते तेच हे गप्पी. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात.

बहुतेक जण टाकी आणि मासे एकाच दिवशी आणतात आणि काही दिवसांतच मासे मरायला लागतात. दोष दुकानदाराला दिला जातो, पण मारतो तो बहुतेकदा अमोनिया. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. पाणी स्वच्छ दिसतं, त्यामुळे कळतही नाही. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. जीवाणूंना अमोनिया त्यातूनच मिळतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. मादी साधारण महिन्याने पिल्लं देते, अनेकदा २०-३०. नर वेगळा केला तरी साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढे काही महिने पिल्लं देऊ शकते! मोठे मासे, अगदी आईसुद्धा, पिल्लं खातात. लपायला दाट पाणवनस्पती हवीच.

टाकी भरली म्हणून नदी-तळ्यात मात्र सोडू नका. तिथे ते स्थानिक माशांचं अन्न आणि जागा बळकावतात. पिल्लं घेणारा दुकानदार आधीच गाठून ठेवा.