डोंगर आणि ट्रॅक

लखनौत ‘सायकल ट्रॅक’ म्हटलं की माणसं रस्त्याच्या कडेच्या पट्टीकडे बोट दाखवतात. २०१२ ते २०१७ या काळात राज्यात समाजवादी पक्षाचं सरकार होतं, त्यांची निशाणी सायकल, आणि त्याच वर्षांत शहरातल्या रस्त्यांना सायकलसाठी वेगळ्या मार्गिका मिळाल्या. २०१४ साली खुल्या झालेल्या जनेश्वर मिश्र पार्कात सायकलची स्वतंत्र वाट आहे. २०१६ मध्ये इटाव्यापासून आग्र्यापर्यंत २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग झाला. शहरातल्या मार्गिकांवर आता कुठे मोटारी उभ्या असतात, कुठे चहाची टपरी. पण शर्यतवाले ज्याला ट्रॅक म्हणतात तो वेगळाच. त्या ट्रॅकवर अपंग स्त्रिया कशा पोचल्या आणि भारतातली एक स्त्री तिथवर जायला २०२४ साल का उजाडलं, हा प्रश्न मला या शहरात राहताना पडला, कारण त्या गोष्टीचा एक धागा लखनौच्या रेल्वे स्टेशनातून जातो.

आधी तो ट्रॅक कसा असतो ते सांगते. लाकडी फळ्यांचं लांबट गोल रिंगण. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी एक फेरी २५० मीटरची. वळणावर जमीन चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत कललेली, जणू भिंतच. सायकलला ब्रेक नसतो आणि मागचं चाक पायडलला पक्कं जोडलेलं असतं. चाक फिरतं तोवर पाय फिरवावेच लागतात. एका पायाने सायकल चालवणाऱ्या स्पर्धकाला ही रचना अर्धी वैरीण आणि अर्धी मैत्रीण. थांबलेल्या अवस्थेतून निघताना एकाच पायाने सगळा भार उचलायचा, तो क्षण सर्वांत कठीण. एकदा वेग आला की चाकाचा जोरच पायडलला वर आणून देतो. म्हणून ५०० मीटरच्या शर्यतीत पहिली अर्धी फेरी म्हणजे नुसती झुंज.

पॅरालिम्पिकमध्ये सायकल आली १९८४ साली, तीही रस्त्यावरची. ट्रॅक आला १९९६ साली, अटलांटात. या खेळाच्या मुळाशी अंधांची डबलसीट आहे: पुढे डोळस चालक, मागे अंध स्पर्धक, दोघांचे पाय एकाच साखळीवर. आपल्याकडे डबलसीट म्हणजे शाळेतून घरी जाताना मागच्या कॅरिअरवर बसलेली बहीण. इथे मागे बसलेली व्यक्ती खरी खेळाडू असते. नंतर हातापायांची मर्यादा असलेल्यांच्या दुचाकीचे पाच गट ठरले, सी१ ते सी५. सी१ मध्ये मर्यादा सर्वाधिक, सी५ मध्ये सर्वांत कमी. हातसायकल आणि तीनचाकी यांचे गट वेगळे, आणि ते फक्त रस्त्यावर धावतात. २००७ साली हा सगळा कारभार आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेकडे गेला. म्हणजे अपंगांची सायकल पुनर्वसनाच्या खात्यातून निघून खेळाच्या खात्यात जमा झाली.

आता दिल्लीकडे वळू. लखनौपासून पाचशे किलोमीटरवर, इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २५० मीटरचा लाकडी, छताखालचा ट्रॅक बांधला गेला. त्या स्पर्धांत धावणं, पोहणं, टेबल टेनिस आणि वजन उचलणं यांत अपंगांसाठी शर्यती होत्या. सायकलमध्ये एकही नव्हती. तरीही त्या लाकडावर एक अपंग स्त्री धावली. इंग्लंडची सारा स्टोरी. जन्मापासून डावा पंजा कामाचा नाही. १९९२ साली बार्सिलोनात, वयाच्या चौदाव्या वर्षी तिने पोहण्याची सुवर्णपदकं मिळवली, २००५ मध्ये ती सायकलकडे वळली, २००८ साली बीजिंगला सायकलची सुवर्णपदकं जिंकली. दिल्लीत ती ३००० मीटरच्या शर्यतीत धडधाकट स्त्रियांविरुद्ध उतरली. राष्ट्रकुल स्पर्धेत असं करणारी ती इंग्लंडची पहिली अपंग सायकलपटू. तिच्या पॅरालिम्पिक सुवर्णपदकांची संख्या २०२४ अखेर १९ झाली. थोडक्यात, अपंग स्त्रीने ट्रॅकवर कशी शर्यत करायची याचा वस्तुपाठ दिल्लीत, आपल्याच पैशांनी बांधलेल्या फळ्यांवर, २०१० च्या ऑक्टोबरातच गिरवला गेला होता.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ११ एप्रिल २०११ च्या रात्री, लखनौहून दिल्लीला निघालेल्या पद्मावत एक्स्प्रेसमध्ये एक मुलगी नोकरीच्या कामासाठी बसली होती. अरुणिमा सिन्हा, राष्ट्रीय पातळीवर खेळलेली व्हॉलीबॉलपटू. बरेलीजवळ चोरांनी तिला गाडीतून ढकललं आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली तिचा पाय गेला. पुढची गोष्ट देशाला पाठ आहे. बचेंद्री पाल यांच्याकडे तिने प्रशिक्षण घेतलं आणि २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पाय लावून ती एव्हरेस्टवर पोचली. पाय गमावलेली स्त्री जगात प्रथमच तिथे उभी राहिली. २०१५ साली तिला पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी नमस्कार करावासा वाटतो. पण तिच्या शेजारी सारा स्टोरीची गोष्ट ठेवली की दोन्हींमधलं अंतर दिसू लागतं. एका खेळाडूचा पाय जातो आणि तिच्यापुढे वाट कोणती असते? डोंगर. आपल्या स्तोत्रांतसुद्धा देवाची कृपा झाली की पांगळा डोंगर ओलांडतो. एखादी शर्यत तो चौथ्या क्रमांकाने पूर्ण करतो असं कोणत्याही स्तोत्रात नाही. डोंगर हा चमत्काराचा प्रदेश आहे. तिथे माणूस एकटा चढतो, त्याची तुलना कुणाशी नसते, आणि शिखर गाठलं की गोष्ट पूर्ण होते. बाकीच्या हजारो अपंग मुलींनी त्या गोष्टीचं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या.

ट्रॅक असा नसतो. ट्रॅकवर घड्याळ असतं आणि गट असतो. आपल्यासारख्याच दहा-पंधरा जणी असतात आणि त्यांतली कुणीतरी शेवटची येते. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, दोन सेकंद कमी करायचे. एका मुलीमागे दुसरी यावी यासाठीच ही रचना असते.

या रचनेचा गाभा म्हणजे वर्गीकरण, आणि या शब्दाला आपण मराठी माणसं जरा अंग चोरून असतो. माणसांना खणांत घालणं आपल्याला बरं वाटत नाही. पण लखनौचाच एक मराठी दाखला देते. विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि १९२६ मध्ये या शहरात मॅरिस कॉलेज सुरू झालं, जिथे संगीत वर्गात बसून, अभ्यासक्रमाने, परीक्षा देऊन शिकता येऊ लागलं. राग थाटांत मावतात का, हा वाद अजून चालू आहे. पण त्या मांडणीमुळे कोणत्याही घराण्यात न जन्मलेल्या विद्यार्थ्याला दार उघडलं. सी१ ते सी५ हीही अशीच मांडणी आहे. दोन शरीरं कधी सारखी नसतात, गटांवर तक्रारी होतातच. सी१ ते सी३ एकत्र धावतात तेव्हा वेळेला गुणक लावतात: जिची मर्यादा जास्त, तिच्या वेळेला गुणक कमी. हिशेब पूर्ण न्याय्य कधीच होत नाही. तरी हा हिशेब नसता तर एका पायाची मुलगी कुणाशी शर्यत करणार होती? तिच्यासाठी पुन्हा डोंगरच उरला असता.

मग भारतात उशीर का झाला? पहिलं कारण म्हणजे अपंगाच्या चाकांकडे आपण कसं पाहतो. लखनौहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर कानपूरला १९७२ साली नोंदलेला केंद्र सरकारचा कृत्रिम अवयवांचा कारखाना आहे. तिथल्या तीनचाकी देशभरच्या शिबिरांत वाटल्या जातात. मंडप, हार, फोटो. हाताने चालवायची ही तीनचाकी अनेकांना घराबाहेर घेऊन गेली, तिचं मोल कमी नाही. पण हाताने चालवायच्याच सायकलवर २००४ पासून पॅरालिम्पिकमध्ये पदकं दिली जातात, ही बातमी त्या मंडपात पोचत नाही. तिथे चाक हे दान असतं. मुलींच्या सायकलचंही काहीसं तसंच. बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, इतर राज्यांनीही योजना काढल्या, आणि त्यांनी फार मोठं काम केलं. पण त्या सायकलने कुठेतरी पोचायचं असतं: शाळेत, आणि अंधार पडायच्या आत परत घरी. कुठेही न पोचता, नुसतं जोरात, गोल फिरण्यासाठी मुलीला सायकल द्यावी, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

दुसरं कारण जागेचं आहे. लखनौनेच दाखवून दिलं आहे की एका शहरातून अपंगांचा खेळ उभा राहू शकतो. पॅरा-बॅडमिंटनचे राष्ट्रीय प्रशिक्षक गौरव खन्ना इथेच शिकवतात. २०२० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. जालंधरची पलक कोहली त्यांच्याकडे शिकायला लखनौला आली आणि टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये खेळली. पण बॅडमिंटनला एक हॉल पुरतो, आणि त्या हॉलमध्ये धडधाकट मुलंही खेळत असतात. लाकडी ट्रॅक देशात बोटांवर मोजण्याइतके. शर्यतीची सायकल महाग, आणि अपंग खेळाडूसाठी ती शरीराप्रमाणे बदलून घ्यावी लागते.

या अडचणीतून वाट निघाली ती हैदराबादमधून. पाय गमावलेले आदित्य मेहता यांनी २०१३ मध्ये दिल्लीच्या आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत दोन रौप्यपदकं जिंकली आणि पुढे स्वतःच्या नावाची संस्था काढून इतरांना शिकवायला घेतलं. २०२० च्या अखेरीस या संस्थेच्या मोहिमेत मध्य प्रदेशची तान्या डागा एका पायाने काश्मीर ते कन्याकुमारी सायकल चालवत गेली, ४२ दिवसांत. हाही एका अर्थी डोंगरच, फक्त आडवा. पण त्याच संस्थेत आणखी एक मुलगी शिकत होती, आणि तिची वाट ट्रॅककडे गेली.

भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरगावची ज्योती गडेरिया. २०१६ साली अपघातात तिचा पाय गेला. तेच वर्ष, ज्यात दीपा मलिकने रिओला गोळाफेकीत रौप्य मिळवून पॅरालिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान घेतला. डिसेंबरात संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदाही संमत केला. त्यातलं कलम ३० खेळाबद्दल आहे आणि क्रीडासुविधा अपंगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. कायद्यातलं कलम आणि भंडाऱ्यातली मुलगी यांच्यात बरीच गावं येतात. ज्योती ती ओलांडून हैदराबादला पोचली, सायकल शिकली, आणि २०२४ साली पॅरिसला गेली. अर्शद शेख आणि ज्योती हे पॅरालिम्पिकमध्ये उतरलेले भारताचे पहिले सायकलपटू. ८४ भारतीय खेळाडूंत ३२ स्त्रिया होत्या. त्यांतली ट्रॅकवरची ही एकटी.

पॅरिसजवळच्या सँ-काँताँ-आँ-इव्हलिनच्या ट्रॅकवर ती सी१ ते सी३ गटात ३००० मीटर आणि ५०० मीटर अशा दोन्ही शर्यती धावली, नंतर रस्त्यावरच्याही. पदक मिळालं नाही. पदकाच्या फेरीपर्यंतही ती पोचली नाही. त्या स्पर्धेत भारताला २९ पदकं मिळाली, तेव्हा बातम्यांची जागा पदकवाल्यांनी भरली हे स्वाभाविकच होतं.

मला मात्र तिचा तो मधला-खालचा क्रमांक मोलाचा वाटतो. अपंग स्त्रीबद्दल आपल्याजवळ दोनच सूर असतात, कीव आणि कौतुक, आणि दोन्हींत ती हरू शकत नाही. कीव तिला शर्यतीत धरतच नाही, आणि कौतुक सुरुवातीच्या रेषेवरच तिला विजयी ठरवून मोकळं होतं. निकालपत्रक या दोन्हींतलं काहीच करत नाही. नाव, देश, गट, वेळ, गुणक लावलेली वेळ, क्रमांक. पुढे किती सेकंद कमी पडले ते लिहिलेलं असतं, आणि तेवढे सेकंद कमी करायला किती लाकूड, किती प्रशिक्षक आणि किती वर्षं लागतील याचा हिशेब तिथून सुरू होतो. तो हिशेब आता ज्योतीच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही. तिने तिच्या वाटचे सेकंद मांडून ठेवले आहेत. उरलेले आपल्याकडून यायचे आहेत.