आधी नाव, मग चेहरा

नांदेडच्या दक्षिणेस, गोदावरीच्या काठी विष्णुपुरी आहे. १९९४ साली येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. राज्यात मतदारांची छायाचित्रे काढण्याची मोहीम निघाली तीही याच सुमारास. पदव्यांचा इतिहास लिहिला जातो. छायाचित्रासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांचा मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

मुळात अडचण चेहऱ्याची नव्हती, नावाची होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ याखेरीज त्यांनी काही सांगितले नव्हते आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नोंद मान्य करावयास तयार नव्हते. या स्त्रिया बहुतांशी उत्तरेकडील राज्यांतल्या. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यातील स्त्री अडखळे ती पतीच्या नावापाशी. ते उखाण्यावाचून ओठांवर येत नसे, आणि सरकारी नोंदवहीत उखाण्याला रकाना नसतो!

पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १९६० साली कलकत्त्यातील एका लोकसभा मतदारसंघात छायाचित्र-ओळखपत्राचा प्रयोग झाला. दहा महिने खपूनही सर्व मतदारांची छायाचित्रे निघाली नाहीत. परपुरुषाने आपले छायाचित्र काढावे हे अनेक स्त्रियांना रुचले नाही. प्रयोग बारगळला. त्या स्त्रियांना अडाणी म्हणणे सोपे आहे. आपला चेहरा कोणाच्या हाती द्यावा, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

ऑगस्ट १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांनी आदेश काढला की, ओळखपत्रे दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच होणार नाहीत. पत्रे अपुरी असतानाही महाराष्ट्रात १९९५ ची विधानसभा निवडणूक झालीच. धाक मात्र उपयोगी पडला. त्या पहिल्या पत्रांवरची कृष्णधवल छायाचित्रे इतकी धूसर असत की, कित्येकांना स्वतःचीच ओळख पटू नये. तरीही त्या पत्राचे मोल मला मोठे वाटते. शिधापत्रिका कुटुंबाची, आणि बहुधा पुरुषाच्या नावे. सातबारावरही त्याचेच नाव. खेड्यातील अनेक स्त्रियांच्या हाती केवळ त्यांचा असा पहिला सरकारी कागद आला तो हा. शिधापत्रिकेवर ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख व्हावयास २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा यावा लागला.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. आता चेहऱ्याबरोबर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळेही आली. परंतु खुरपणी आणि ऊसतोडणी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला अनेकदा उमगत नाहीत. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. त्यासाठी डोक्यावरचा पदर जरा मागे सारून पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसावे लागते.