नॉइज कॅन्सलिंग हेडफोनची ऐतिहासिक वाटचाल : प्रवास व व्यायाम यांच्या संदर्भात निवडीचा विचार

प्रस्तावना

आगगाडी, मोटार, कारखाना व विमान यांनी आधुनिक माणसाच्या जीवनात गती आणली, त्याचबरोबर अखंड गोंगाटही आणला. या गोंगाटापासून कानांची सुटका करण्यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांत नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे अलीकडचे व अतिशय लोकप्रिय साधन होय. आज विमानप्रवासी, लोकलने ये-जा करणारा नोकरदार आणि पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारा व्यायामप्रेमी हे तिघेही हेच साधन विकत घेताना दिसतात. मात्र ते मुळात कोणासाठी व कोणत्या परिस्थितीसाठी घडविले गेले, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या साधनाच्या वाटचालीचा आढावा घेऊन, प्रवासासाठी योग्य असलेली निवड व्यायामासाठी योग्य का ठरत नाही, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तत्त्वाचा उदय

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. एका लहरीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी एकाच ठिकाणी आले, तर त्या परस्परांना निष्प्रभ करतात. या तत्त्वाचा गोंगाट शमविण्यासाठी उपयोग करण्याची कल्पना जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांनी १९३३ मध्ये पेटंटसाठी मांडली. त्यांना १९३६ मध्ये अमेरिकेचे पेटंटही मिळाले. मायक्रोफोनने आवाज टिपावा आणि ध्वनिक्षेपकाने नेमकी उलट लहर सोडावी, असे तिचे स्वरूप होते. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक साधने तोकडी असल्याने ती कल्पना कागदावरच राहिली.

१९५३ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन व एव्हरेट मे यांनी 'इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक' सिद्ध केला. संपूर्ण खोली शांत करणे अवघड असले, तरी एका जागी बसलेल्या माणसाच्या डोक्याभोवतीचा छोटा भाग शांत करता येतो, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले. त्याच दशकात लॉरेन्स फोगेल यांनी हेलिकॉप्टर व विमान यांच्या चालककक्षातील आवाज कमी करण्याच्या योजनांची पेटंटे घेतली. म्हणजेच प्रारंभापासूनच या तंत्रापुढे असलेला माणूस हा आसनावर स्थिर बसलेला होता.

या तंत्राची मर्यादाही त्याच्या भौतिकीतच आहे. १०० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते, तर ४,००० हर्ट्झच्या ध्वनीची सुमारे ८.५ सेंटिमीटर. लांब लहरीला उलट लहर जुळविताना किंचित विलंब झाला तरी चालतो; आखूड लहरीच्या बाबतीत तेवढ्याच विलंबाने सर्व गणित बिघडते. त्यामुळे इंजिनाची संथ, एकसुरी घरघर या यंत्रणेने उत्तम शमते. परंतु अचानक उठणारे तीव्र आवाज, भांड्यांचा खणखणाट किंवा मुलाचे रडणे तितकेसे शमत नाही. तेथे कान झाकणाऱ्या जाड गादीचाच आधार घ्यावा लागतो.

दोन विमानप्रवासी

या इतिहासातील एक विलक्षण योगायोग असा, की आजच्या श्रवणसाधनांच्या दोन भिन्न परंपरांची बीजे जवळजवळ एकाच काळात दोन विमानप्रवाशांच्या मनात पडली.

पहिले प्रवासी म्हणजे अमर बोस. बंगालमधून स्वातंत्र्यचळवळीतील सहभागामुळे अमेरिकेत गेलेल्या नोनी गोपाल बोस यांचे हे पुत्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली होती. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना त्यांनी विमानात मिळालेले हेडफोन कानांना लावले; परंतु इंजिनाच्या आवाजात संगीत बुडून गेले. त्याच प्रवासात त्यांनी आवाजानेच आवाज शमविण्याची प्राथमिक गणिते कागदावर मांडली.

दुसरे प्रवासी म्हणजे सोनी कंपनीचे सहसंस्थापक मासारू इबुका. लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी जड ध्वनिमुद्रक सोबत न्यावा लागू नये, म्हणून त्यांनी केवळ ध्वनिफीत वाजविणारे हलके यंत्र मागितले. त्यातून १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन बाजारात आला.

दोघांची अडचण विमानातलीच होती. तथापि एकाने बाहेरचा आवाज कसा थांबवावा, असा प्रश्न विचारला. दुसऱ्याने संगीत सोबत कसे न्यावे, असा. या दोन प्रश्नांतील अंतर पुढे महत्त्वाचे ठरले.

वैमानिकाकडून प्रवाशाकडे

बोस यांच्या कल्पनेला व्यवहार्य रूप येण्यास एक दशकाहून अधिक काळ लागला. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन व जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमानातून, वाटेत न थांबता व इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात श्रवणशक्तीच्या रक्षणासाठी त्यांच्याजवळ बोस यांचे प्रायोगिक हेडसेट होते. दरम्यान जर्मनीत सेनहायझर कंपनीनेही लुफ्थान्साच्या वैमानिकांसाठी याच दिशेने काम चालविले होते. १९८९ मध्ये बोस यांचा वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीस आला. सामान्य प्रवाशाला मात्र २००० मधील 'क्वाएट कम्फर्ट'पर्यंत वाट पाहावी लागली. या संपूर्ण परंपरेत ऐकणारा आसनावर बसलेला, सभोवतालचा आवाज अखंड व एकसुरी, आणि बाहेरून येऊन आदळणारा धोका जवळजवळ शून्य, अशी परिस्थिती गृहीत होती.

रस्त्यावर आलेला श्रोता

वॉकमनचा मार्ग याच्या उलट झाला. विमानासाठी मागितलेले हे यंत्र पहिल्याच दिवसापासून रस्त्यावर आले. टोकियोतील योयोगी उद्यानात पत्रकारांना ते दाखविताना स्केटिंग व सायकल चालविणारे तरुण समोर होते. त्याचे हेडफोन हलके होते व त्यांवर स्पंजाची पातळ गादी होती. बाहेरचा आवाज त्यातून सहज आत येई. शिवाय पहिल्या वॉकमनवर एक नारिंगी कळ होती. ती दाबली असता संगीत मंदावे आणि यंत्रातील मायक्रोफोनद्वारे शेजारच्याचे बोलणे कानी पडे. एकट्यानेच संगीत ऐकत राहणे असभ्य वाटेल, ही कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांची चिंता त्यामागे होती. बाजाराला ती कळ अनावश्यक वाटली व पुढील यंत्रांतून ती नाहीशी झाली.

चिंता मात्र नाहीशी झाली नाही. १९८२ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज येथे हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास बंदी करण्यात आली. १९८३ मध्ये सोनीने पाण्यापासून संरक्षण असलेला पिवळा 'स्पोर्ट्स' वॉकमन आणून व्यायाम करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. २००७ मध्ये अमेरिकेच्या ॲथलेटिक्स महासंघाने शर्यतींत अशा साधनांवर बंदी घातली व नंतरच्याच वर्षी ती बरीच शिथिल केली. धावणाऱ्याने काय ऐकावे, यापेक्षा त्याला काय ऐकू आलेच पाहिजे, हा या वादांचा गाभा होता.

दोन परंपरांचा संगम

२०१० नंतर बॅटरी व संगणकीय चकत्या लहान झाल्या आणि वैमानिकाचे तंत्र कानात मावू लागले. २०१३ मध्ये बोस कंपनीच्या कानात घालावयाच्या हेडफोनमध्ये गोंगाट शमविण्याबरोबरच तो पुन्हा आत घेण्याचीही सोय देण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ॲपलच्या एअरपॉड्स प्रोने 'ट्रान्सपरन्सी' या नावाने हीच सोय सर्वदूर नेली. वॉकमनवरून गळालेली नारिंगी कळ चाळीस वर्षांनी अशा प्रकारे परतली, असे म्हणता येईल.

निवडीचे निकष

उपरोक्त इतिहासावरून निवडीची दिशा स्पष्ट होते. विमान, रेल्वे वा बस यांच्या दीर्घ प्रवासासाठी कान पूर्ण झाकणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हेच सर्वाधिक उपयुक्त ठरतात. यंत्रणा इंजिनाची घरघर शमविते, गादी उरलेला आवाज अडविते. येथे बॅटरीचा टिकाव, डोक्यावरील दाब आणि विमानातील पडद्याला जोडण्यासाठी तारेची सोय पाहावी. त्याचा आणखी एक लाभ आरोग्याचा आहे. सभोवतालचा आवाज कमी झाल्याने संगीताची पातळी वाढवावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीवर ४० तासांपर्यंतचे श्रवण सुरक्षित मानले जाते. पातळी ९० डेसिबल झाली की तीच मर्यादा ४ तासांवर येते. गोंगाटावर मात करण्यासाठी वाढविलेला आवाज म्हणूनच महाग पडतो.

व्यायामाच्या वेळी ही सारी गृहीते उलटतात. घामाने गाद्या भिजतात, धावताना वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर आदळून नवाच आवाज निर्माण होतो, आणि कान घट्ट बंद केल्यास स्वतःच्या पावलांचे धक्के आत घुमू लागतात. बंदिस्त व्यायामशाळेत हे सोसता येते. तेथे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण दर्शविणारा आयपीएक्स ४ वा त्याहून वरचा दर्जा पाहणे पुरेसे आहे. रस्त्यावर मात्र कान हे पाठीमागचे डोळे असतात. तेथे कानाची वाट मोकळी ठेवणारे अथवा गालाच्या हाडातून कंप पोहोचविणारे हेडफोन अधिक योग्य होत. संगीतातील खर्ज त्यांत उणा पडतो, परंतु मागून येणारे वाहन ऐकू येते.

भारतीय रस्त्यांवर हा मुद्दा अधिकच गंभीर ठरतो. येथे भोंगा हा केवळ उपद्रव नसून वाहनचालकांची परस्परांशी बोलण्याची भाषाच झाला आहे. ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे त्याचीच साक्ष होत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती लिहिण्यास मनाई केली. तरीही मागून येणाऱ्याने वाजवावे आणि पुढच्याने ऐकून बाजूला व्हावे, हा रस्त्यावरील अलिखित व्यवहार संपलेला नाही. पदपथाअभावी रस्त्याच्या कडेनेच चालणाऱ्या वा धावणाऱ्याने कान बंद करणे म्हणजे या व्यवहारातून एकतर्फी बाहेर पडणे होय. मागून येणाऱ्या चालकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

समारोप

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचा इतिहास हा स्थिर बसलेल्या माणसाला शांतता मिळवून देण्याचा इतिहास आहे. वैमानिक व प्रवासी यांच्यासाठी ती शांतता वरदान ठरली, कारण त्यांच्या सभोवतालच्या घरघरीत ऐकण्याजोगे फारसे काही नव्हते. रस्त्यावरील आवाजात मात्र माणसे, वाहने आणि इशारे असतात. त्यामुळे कोणते हेडफोन सर्वोत्तम, यापेक्षा ते लावून माणूस कोठे असणार आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर देताना किमतीच्या व जाहिरातीच्या आधी या साधनाचा इतिहास उपयोगी पडतो.