काखडीचे शेत : राज्य बदलले, नोंद मागे राहिली

लिनक्स संगणक एका आवृत्तीवरून दुसरीवर नेला की पॅकेजांच्या नोंदवहीत काही नावे मागे उरतात. वहीत पॅकेज बसवलेले दिसते. नव्या भांडारात मात्र ते कुठेच नसते. अशा निराधार नोंदी शोधून दूर कराव्या लागतात, नाहीतर पुढचे काम अडू शकते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, असेच काम सुमारे १९०० वर्षांपूर्वी दगडावर झाले आहे.

क्षत्रप नहपानाचा पराभव करून गौतमीपुत्र सातकर्णीने गोवर्धनाचा, म्हणजे नाशिकचा, परिसर ताब्यात घेतला. नाणी बदलणे त्याला सोपे गेले. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा पुन्हा उमटवलेला होता. एक घाव पुरे! जमिनीचे तसे नव्हते.

लेणे क्रमांक ३ मधील राज्यवर्ष १८ चा प्राकृत लेख पाहा. वेजयंतीच्या विजयी सैन्यतळावरून राजा गोवर्धनाचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा करतो : पश्चिम काखडी गावातील, पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिले आहे, राजपुरुषांनी तेथे शिरू नये, मिठासाठी खणू नये. ऋषभदत्त हा नहपानाचा जावई. शत्रूच्या जावयाचे नाव आज्ञेतून गाळलेले नाही. बहुधा शेताची ओळखच त्या नावाने पटत होती.

सहा वर्षे गेली. वर्ष २४ ची आज्ञा त्याच लेण्यात, पहिलीच्या खालीच कोरली आहे. यात राजासोबत राजमाताही आहे, आणि अमात्य आता श्यामक आहे. मजकूर अगदी सरळ : काखडीचे शेत नांगरले जात नाही, गावही वसलेले नाही; सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत.

म्हणजे मधल्या काळात कधीतरी भिक्षूंची २०० निवर्तने केवळ दगडावरच उरली होती. नव्या दानात क्षेत्र निम्मे झाले खरे; पण ओसाड गावातल्या पडीक शेताने भिक्षापात्र भरत नाही. याच लेण्यात गौतमी बालश्रीची प्रसिद्ध प्रशस्ती आहे. सातवाहन कारभार समजून घ्यायला तिच्यातील विशेषणांपेक्षा या दोन कोरड्या आज्ञा अधिक उपयोगी पडतात.

जुनी आज्ञा कोणी छिन्नीने उडवली नाही. दोन्ही एकाखाली एक आहेत : वरची शेत देते, खालची ते का बदलावे लागले हे सांगते.